मागचा दिसेपर्यंत

कारखान्याच्या मागच्या गेटासमोर सीताफळांची हातगाडी लागली आहे. पानं अंथरून त्यावर फळं रचलेली, आणि गाडीमागे बसलेली बाई फळांकडे न पाहता रस्त्याकडे पाहणारी. इथली भाषा मला अजून नीट येत नाही. मी एक फळ उचललं, अंगठ्यानं हलकेच दाबलं, ठेवलं, दुसरं उचललं. बाईनं माझ्या बोटांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. कोण फळ ओळखतं आणि कोण नुसतं चिवडतं, हे विकणाऱ्याला बोटांवरूनच कळत असावं. दुसऱ्या फळाचे डोळे उघडले होते, मधल्या फटी पिवळट झाल्या होत्या. आमच्या डोंगरात असं फळ दिसलं की माणूस हात लावण्याआधी वर बघतो, फांदीवर माकड बसलंय का म्हणून. मीही सवयीनं वर पाहिलं. वर विजेच्या तारा होत्या.

दक्षिणेत होसूरच्या बाजूला एका मोटारसायकलींच्या कारखान्यात मी गाड्या चालवतो. त्या कुठे पोचवायच्या नसतात. नवी गाडी बाजारात जाण्याआधी तिला भरपूर त्रास द्यावा लागतो, आणि तो त्रास देण्याचं काम माझ्यासारख्या काही जणांकडे आहे. त्यासाठी आवारात एक लांबट गोल रस्ता बांधलाय. एका बाजूला सिमेंटमध्ये पक्के बसवलेले गोटे, पुढे मापात पाडलेले खड्डे, मग पाण्याचा उथळ हौद, खडीचा पट्टा, एक खोटा चढ आणि एक खोटा उतार. सगळं एकामागून एक, दिवसभर, रोज. पहिल्या दिवशी मी तो रस्ता पायी फिरून पाहिला तेव्हा मला थोडं हसू आलं. आमच्याकडे जे कोणी मागितलंही नव्हतं, ते इथे नकाशा काढून बांधलं होतं. हे गोटे मात्र पावसाळ्यानंतरही जागचे हलत नाहीत. आमचे हलायचे. गेल्या वर्षी उजवीकडे असलेला दगड यंदा मधोमध येऊन बसलेला असायचा, जणू आपली वाट बघत.

गोट्यांचा पट्टा संपतो तिथे वळण आहे. त्या वळणावर मी आरशात पाहतो. पाहायचं काही कारण नाही. मागचा मागे येतच असतो, आणि नाही आला तरी त्याच्यासाठी वेगळी माणसं नेमलेली आहेत. पण पाहतो. मान वळत नाही, हेल्मेट जड आहे, डोळे वळतात.

शाळा मी नववीत सोडली. भांडण वगैरे काही झालं नाही. वर्गात उभं राहून उत्तर द्यायची वेळ आली की माझे तळहात ओले व्हायचे, एवढंच. एका जूनमध्ये मी शाळेच्या रस्त्याला लागलोच नाही, अश्फाकच्या अब्बांच्या दुकानात जाऊन बसलो. आमच्या गावात, धामणगाव बढेच्या बसस्टँडजवळ त्यांचं इंजिन दुरुस्तीचं दुकान, समोर कडुनिंब, कडुनिंबाखाली लाकडी बाक. तिथे कोणाला उभं करून काही विचारत नसत. पाना मागितला की पाना द्यायचा. चुकीचा दिला तर अब्बा तो तसाच परत करायचे आणि हात पुढेच ठेवायचे. त्या पुढे धरलेल्या हाताचे उपकार माझ्यावर आहेत. त्यात घाई नव्हती.

अश्फाक त्यांचा मोठा मुलगा. गाडीचा आवाज ऐकून तो तिचा मालक सांगायचा, आणि मालकाचा स्वभावही. मिलिंद आमच्यातला शिकलेला. मोताळ्याच्या कॉलेजात नाव होतं आणि पोलीस भरतीसाठी पहाटे पळायचा. त्याचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत, आमचं त्याच्या पुढच्या. माझं नाव गजानन, पण आमच्या भागात प्रत्येक घरात एक गजानन असल्यामुळे मला गज्या म्हणूनही वेगळं ओळखता यायचं नाही. अश्फाक मला ‘मांगचा गज्या’ म्हणायचा, कारण तिघं डोंगरात निघालो की मी कायम शेवटी.

गावाच्या वरच्या अंगाला अजिंठ्याची रांग आडवी पसरलेली आहे. पावसाळा सरल्यावर आणि डोंगर तपकिरी होण्याआधी काही आठवडे मिळतात. गवत कमरेएवढं, त्याची कुसळं नुकती टोकदार झालेली, ओढ्यात पाणी घोट्याइतकं, उन्हात ताप पण सावलीत गारवा. त्या आठवड्यांत पठारावरच्या वाडीत सीताफळं तयार होतात. वाडीला जाणारा रस्ता म्हणजे गुरांनी पाडलेली वाट. जीप चढत नव्हती, बैलगाडी केव्हाच बंद झाली होती. मग आमच्या मोटारसायकली. शंभर सीसीच्या, दोन मालकांच्या हातून आलेल्या. अश्फाकनं तिन्हींना मागे मोठं दातेरी चक्र बसवलं होतं, म्हणजे पळायला कमी पण ओढायला भारी. टायर खोल बटणांचे, सायलेन्सर वर उचललेला, आणि मागे लोखंडी पट्ट्यांचा माचा, त्यावर फळांचे कॅरेट दोरीनं आवळलेले. कॅरेटमध्ये खाली सीताफळाचीच पानं. फळ दणका सहन करतं, पण घासलं की काळं पडतं.

चढताना बसायचं नाही, पाय ठेवायच्या दांड्यांवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची. टायरमधली हवा पायथ्याशी थोडी सोडायची आणि खाली आल्यावर हातपंपानं भरायची. हे सगळं मला दुसऱ्या फेरीपर्यंत कळलं होतं. न कळलेली गोष्ट एकच, की वाटेतल्या दगडाकडे बघायचं नाही. मी बघायचो, आणि गाडी नेमकी त्याच्यावर जायची. अश्फाक मागे वळून सांगायचा, “दगडाकडे पाहू नको बे. तो कुठी जाऊन नाई राह्यला.”

माल नसेल त्या दिवशीही आम्ही जायचो. कामाची सवय म्हणा, किंवा मोकळी गाडी कशी उडते ते बघायला म्हणा. पठार ओलांडून थेट कड्यापर्यंत, वाट सोडून, गवतातून. गवतात दगड दिसत नाही, तो पायाखाली आल्यावर कळतो, आणि कळेपर्यंत मागे गेलेला असतो. कड्यावर गाड्या बंद केल्या की इंजिनं थंड होताना टिकटिक वाजायची. खाली नळगंगेच्या धरणाचं पाणी पत्र्यासारखं चमकायचं. मिलिंद सॉक्समधली कुसळं काढत बसायचा, अश्फाक हात मागे टेकून डोळे मिटायचा. मला तिथे बसून परतीच्या उताराची काळजी लागायची. तरी त्या काळजीसकट ते बरं होतं. पुढच्या आयुष्यात इतकी स्वस्थ काळजी मला फारशी भेटली नाही.

एकदा पुण्याकडचे काही जण मोठाल्या गाड्या घेऊन वर आले होते. गुडघ्याला ढाली, छातीला ढाली. माणसं चांगली होती. त्यांनी वाट विचारली, आमच्या गाड्यांचे फोटो काढले, मिलिंद ‘तिकडूनच जाऊन राह्यलो’ म्हणाला तेव्हा एक जण ते वाक्य स्वतःशी पुन्हा म्हणून हसला, आणि जाताना अश्फाकला हातमोज्यांचा जोड देऊन गेला. आपण जे करतो त्याला एक नाव आहे आणि लोक ते सुट्टी काढून करतात, हे आम्हाला त्या दिवशी समजलं. अश्फाकनं ते हातमोजे पुढे वेल्डिंगला वापरले.

डोंगरात फोन लागत नाही. म्हणून तिघांचा एक नियम होता. तो कोणी केला आठवत नाही, बहुधा दुसरं काही शक्य नव्हतं म्हणून तो आपोआप झाला. वाटेला फाटा फुटला की पुढच्यानं तिथे थांबायचं. मागचा दिसला की मगच निघायचं. नुसता आवाज ऐकू आला तर चालत नाही, दिसला पाहिजे. डोंगरात आवाज कुठल्याही अंगानं येतो. मागच्यानंही तसंच, त्याच्या मागच्यासाठी. त्यामुळे पुढे असलेला अश्फाक मिलिंदला बघून निघायचा, मिलिंद मला बघून. मला कोणाला बघायचं नव्हतं. मी दिसलो की मिलिंदचा हात हँडलवर जायचा, आणि तो जाताना मला दर वेळी वाटायचं की आपल्यामुळे काहीतरी सुरू झालं. शाळेत असं कधी वाटलं नव्हतं.

त्या हंगामात नांदुऱ्याचा एक मुकादम गावात आला. दक्षिणेतल्या कारखान्यांना तो माणसं पुरवायचा आणि या वेळी त्याला गाडी चालवणारी पोरं हवी होती. अश्फाकच्या मामानं त्याला दुकानावर आणलं. तो आम्हाला घेऊन नाल्यात गेला, कोरड्या पात्रातून तिघांना वर जायला सांगितलं आणि स्वतः काठावर छत्री उघडून बसला. अश्फाक वाऱ्यासारखा गेला. मिलिंद एकदा पडला आणि हसत उठला. मी हळूहळू, प्रत्येक दगडाला घाबरत, न पडता गेलो. मुकादमानं माझ्याकडे बोट केलं. अश्फाकच्या मामाला ते पटलं नाही, तेव्हा तो म्हणाला, “भेणारा चालतो. पडणारा नाई चालत.”

अश्फाकला दुकान सोडायचं नव्हतंच, मिलिंदला भरती व्हायचं होतं. त्यामुळे कोणाचं काही हिरावलं गेलं नाही. पण मला कोणी निवडण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि नववीत घरी बसलेल्या माणसाला अशी वेळ पुन्हा येईल असं आमच्या घरात कोणाला वाटत नव्हतं. मुकादमाची अट साधी होती. सगळे जण नांदुरा स्टेशनवरून एकाच गाडीला बसणार. मलकापूर आम्हाला जवळ होतं, पण त्याचा मोजणीवर भरवसा; पोरं एका फलाटावर उभी दिसली पाहिजेत. जो दिसणार नाही त्याला पुन्हा बोलावणं नाही.

गाडी संध्याकाळची होती. सकाळ मोकळी. अश्फाक म्हणाला, वाडीवर शेवटचे कॅरेट पडलेत, एक फेरा मारून येऊ, दुपारी जेवायला घरी. माझी पिशवी आदल्या दिवशीच भरून झाली होती आणि घरी आई मला दर थोड्या वेळानं काहीतरी खायला देत होती. मी निघालो.

वाडीवरून परतताना वाटेत एक टेपाड आहे. त्याच्या अलीकडे वाट फुटते, टेपाडाच्या दोन्ही बाजूंनी जाते आणि पलीकडे एका जुन्या सालईच्या झाडाखाली पुन्हा एक होते. आम्ही कायम उजवीकडून जायचो. नियमाप्रमाणे मिलिंद अलीकडच्या फाट्यावर माझी वाट बघत थांबला, अश्फाक पुढे जाऊन सालईखाली मिलिंदची. मी नेहमीसारखा मागे राहून दोरी पुन्हा आवळत होतो. फाट्याच्या तोंडाशी परतीच्या पावसाचा चिखल साचलेला सकाळी वर येताना पाहिला होता, म्हणून भरल्या गाडीनं तो टाळावा असं वाटलं, आणि मी शेळ्यांच्या पायवाटेनं गवतातून आडवा निघून डावीकडच्या वाटेला लागलो. फाटा मागेच राहिला; तिथून मिलिंदला मी दिसलो असेन असं मी धरून चाललो. तिकडे अश्फाकला सालईखाली बसून बराच वेळ झाला, तेव्हा तो काय झालं ते बघायला उजवीकडून मागे आला. म्हणजे मी टेपाडाच्या डावीकडून पुढे गेलो, त्याच वेळी तो उजवीकडून मागे.

मी सालईखाली पोचलो तर तिथे कोणी नाही. नियमाप्रमाणे याचा अर्थ एकच होतो: अजून इथून कोणी गेलेलं नाही. पुढचा असता तर थांबलाच असता. म्हणजे पुढचा मीच. गाडी स्टँडवर लावली, कॅरेटवर ओलं पोतं टाकलं आणि त्यांची वाट बघत बसलो.

अलीकडे ते दोघं माझी वाट बघत बसले.

आता हे सांगताना सोपं वाटतं. तिथे बसलेल्याला ते कोडं नव्हतंच, कारण आपलं काही चुकलंय अशी शंका यायला जागा नव्हती. नियम बरोबर होता. तिघंही तो पाळत होतो. थांबायचं कसं हे ठरलेलं होतं, थांबणं संपवायचं कधी हे ठरलेलं नव्हतं. सालईची सावली आधी माझ्या उजवीकडे होती, मग पायांवर आली, मग डावीकडे सरकली. फोन काढून बघितला, त्यावर नेहमीसारखं काहीच नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, अश्फाकची चेन उतरली असेल. मग वाटलं, मिलिंद पडला असेल. मग दोघंही पडले असतील. माझी काळजी अशी पायरीपायरीनं चढते, मला तिची सवय आहे. खाली उतरायची वाट समोर होती, रोजची. एकटा गेलो असतो तर जेवून, आंघोळ करून नांदुऱ्याला वेळेत पोचलो असतो. हे मला त्या वेळीही स्पष्ट दिसत होतं. मी बसून राहिलो. त्यात मोठेपणा नव्हता. मी उठून गेलो आणि मागून ते आले, तर फाट्यावर कोणीच नाही असं त्यांना दिसेल, हे चित्र मला सहन होत नव्हतं. गाडी चुकण्याचं चित्रही सहन होत नव्हतं. दोन्ही चित्रं आळीपाळीनं बघत मी कॅरेटमधली फळं चाचपत होतो, कोणतं उद्या पिकेल, कोणतं परवा. तोवर आपण कुठे असू, हे मात्र त्या फळांवरून कळत नव्हतं.

पलीकडे त्यांचं वेगळंच चाललं होतं, ते नंतर कळलं. मिलिंद वाडीवर जाऊन विचारून आला; तिथे सांगितलं, तो तर केव्हाच गेला. मग अश्फाक कड्याच्या अंगानं घळीत डोकावत फिरला. माझ्या नावानं हाका मारल्या, पण वारा उलटा होता. मिलिंद घळीत अर्ध्यापर्यंत उतरलाही. त्याच्या हातावर घाणेरीचे ओरखडे पुढे स्टेशनवर मी पाहिले.

सूर्य सालईच्या फांदीखाली आला तेव्हा टेपाडाच्या माथ्यावरून शेळ्या उतरल्या आणि त्यांच्यामागे मावशी. वाडीतली म्हातारी होती, आम्ही तिला नुसतं मावशीच म्हणायचो. टेपाडाच्या माथ्यावरून दोन्ही अंगांचं दिसतं. तिनं काठी टेकली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या कॅरेटकडे पाहिलं.

“तिकडे दोघं जन तुह्या नावानं बोंबलून राह्यले,” ती म्हणाली, “अन् तू इथं सावलीत पाय पसरून बसेल हाये. भांडन झालं काय बे तुमचं?”

मी म्हणालो, मी त्यांचीच वाट पाहतोय.

“ते तुही पाहून राह्यले. पहा मंग तिघं जन. सीताफळं पिकून जातीन.”

मी गाडीला किक मारली. टेपाडाला वळसा घालून अलीकडे गेलो तेव्हा अश्फाक घळीच्या काठावर पाठमोरा बसला होता आणि मिलिंद खालून वर येत होता. अश्फाकनं मान वळवली. थोडा वेळ माझ्या पायांकडे बघत राहिला, हे पाय चालतात की नाही अशा नजरेनं. मिलिंदनं शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, पण मला त्या ऐकून फार बरं वाटलं. मग अश्फाकनं सूर्याकडे पाहिलं.

“गाडी जाईन ना बे याची,” तो म्हणाला.

कॅरेट तिथेच उतरवले. मावशी म्हणाली, नेते मी वाडीवर, जा तुम्ही. रोजच्या वाटेनं गेलो तर डोंगराला लांब वळसा पडतो, म्हणून अश्फाकनं नाला धरला. तो पठारावरून सरळ गावाच्या अंगाला उतरतो. त्यातून आम्ही कधी गेलो नव्हतो. कोणीच गेलं नव्हतं, तो पाण्याचा रस्ता होता. माझी जागाही त्या दिवशी बदलली. पुढे अश्फाक, मधे मी, मागे मिलिंद. कोणी ठरवलं नाही. गाड्या वळल्या त्या तशाच वळल्या.

त्या उताराबद्दल मला सलग असं काही आठवत नाही. गोट्यांचा रंग आठवतो, काळा, आणि ओल्या ठिकाणी आणखी काळा. अश्फाकच्या मागच्या टायरमधून उडून माझ्या हाताला लागलेला खडा आठवतो. एका ठिकाणी पात्र पायरीसारखं तुटलं होतं; अश्फाक दिसेनासा झाला, खाली चाक आपटल्याचा आवाज आला, आणि मी थांबायच्या आत माझंही चाक हवेत होतं. मुळं, वाळू, पाणी, करंजाच्या फांद्या तोंडावर. मी दगडांकडे बघत नव्हतो. अश्फाकच्या पाठीकडे बघत होतो, त्याच्या शर्टावर घामाचा एक मोठा डाग होता त्याच्याकडे. आणि मागून मिलिंदच्या गाडीचा आवाज, इतका जवळ की मागे बघायची गरज नव्हती. आयुष्यभर काळजी करणाऱ्या माणसाला एवढा वेळ काळजी न करता मिळाला, ही त्या नाल्याची देणगी. अश्फाक, मिलिंद आणि तो नाला, असे तीन धनी आहेत तिचे.

गावात दुकानासमोर आई बाकावर बसली होती. दुपारपासून बसली असावी. पिशवी मांडीवर. अब्बांनी पिशवीत पराठे घातले होते, ते त्यांनी मला दोनदा सांगितलं, “ऊपर ही रखे है बेटा.” अश्फाक टायरमध्ये हवा भरत होता तेवढ्यात मी उभ्यानं पाणी प्यालो. आई खाली वाकून माझ्या पँटवरची कुसळं काढू लागली. एक एक. हवा भरून झाली, मी निघालो, तेव्हाही तिच्या मुठीत कुसळंच होती.

मोताळ्यापर्यंत ऊन होतं, पुढे गेलं. डांबरी रस्त्यावर त्या मोठ्या चक्राच्या गाड्या नुसत्या ओरडतात, पळत नाहीत. ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकत होते. नांदुऱ्यात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तिच्या कडेनं, गटाराच्या काठावरून, कुठल्याशा अंगणातून आम्ही स्टेशनवर पोचलो. फलाटावर मुकादम पोरांच्या घोळक्यात उभा होता. आमच्या अंगावरच्या चिखलाकडे पाहून त्यानं विचारलं, म्हैस शोधायला गेला होता काय. आणि मग सांगितलं की गाडी उशिरा आहे.

बरीच उशिरा होती. आम्ही तिघं फलाटाच्या टोकाला बसून पराठे खाल्ले. दिवसभर ज्याच्यासाठी जीव गोळा केला होता, ते होऊन गेल्यावर करायला काही उरलं नव्हतं. मिलिंद हातावरच्या ओरखड्यांना थुंकी लावत होता. अश्फाक म्हणाला की चूक त्याची, फाटा सोडून तो मागे यायला नको होता. मिलिंद म्हणाला, चूक चिखलाची. मी म्हणालो, माझी. यावर आम्ही थोडं भांडलो. कोणालाच चूक दुसऱ्याला द्यायची नव्हती, म्हणून ते भांडण मिटेना. गाडी आली म्हणून थांबलं.

मी दारात उभा राहिलो. ते दोघं फलाटाच्या टोकाशी आले, तिथून पुढे फलाट नाही. गाडी हलली. त्यांनी हात वगैरे हलवला नाही. नुसते बघत होते. दिसत होते, अजून दिसत होते, मग एक मालगाडी मधे आली. मागचे दिसेनासे झाले तरी गाडी थांबली नाही. रेल्वेला आमचा नियम माहीत नव्हता.

इथे येऊन आता काही हंगाम झाले. काम टिकून आहे. करार संपत आला की माझी झोप पातळ होते, पुन्हा झाला की घट्ट होते. वाडीच्या वाटेवर यंदा डांबर पडलं, असं अश्फाकनं कळवलं; सीताफळं आता पिकअपमध्ये उतरतात, आणि ती पिकअप मिलिंद चालवतो. भरतीत तो उंचीत बसला नाही. मावशी अजून शेळ्या राखते. त्या दिवशीच्या कॅरेटबद्दल ती आजही सांगते की अर्धी शेळ्यांनी खाल्ली आणि अर्धी तिनं, दोघींनाही काही झालं नाही.

गेल्या आठवड्यात गोट्यांच्या वळणावर मी आरशात पाहिलं तेव्हा मागे कोणी नव्हतं. माझ्या मागे बिसू असतो, ओडिशाचा, कमी बोलणारा. पुढचे पुढे गेले. या रस्त्यावर थांबायला परवानगी नाही, मागून गाडी येऊन आदळू शकते. पहिल्या दिवशी सांगतात आणि सही घेतात. करारही संपत आला होता. हे सगळं मला आठवत होतं, आणि माझा पाय जमिनीवर टेकलेला होता. मी कडेला होऊन, मान पूर्ण वळवून, मागे बघत उभा राहिलो. भोंगा वाजला. वरच्या खोलीतून साहेब काचेला हात लावून काहीतरी ओरडत होते. मग उताराच्या पलीकडून बिसू आला, हळूहळू, एका हातानं काच पुसत. हेल्मेटमध्ये माशी गेली होती म्हणे. तो दिसला आणि मी गिअर टाकला.

साहेबांनी बोलावून विचारलं, का थांबलास. मला येणाऱ्या हिंदीत ते सांगता आलं नाही. तळहात ओले झाले. साहेब काही वाईट माणूस नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला रांगेत सगळ्यात शेवटी टाकलं. शेवटच्याच्या मागे कोणी नसतं, म्हणजे थांबायचा प्रश्न नाही. कराराचं बघू म्हणाले. बघतील. मी माझ्या जुन्या जागेवर आलो. त्याच दिवशी गोटे संपताना पुढे पाहिलं, तर वळणावर बिसूचा वेग कमी झाला होता. थांबला नाही तो, नुसता रेंगाळला, आणि त्याच्या आरशात काहीतरी चमकलं. मग तो निघाला.

आज सुट्टी आहे. गेटासमोरून घेतलेलं ते सीताफळ मी खिडकीत ठेवलंय, उद्यापर्यंत होईल. सकाळी अश्फाकला फोन केला. मागे हातोडीचा आवाज, अब्बांचं खोकणं, बसचा हॉर्न. मी त्याला रस्त्यावर थांबल्याचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं, करार राहील की जाईल माहीत नाही हेही सांगितलं. तो ऐकत होता. हातोडी थांबली.

“मंग?” त्यानं विचारलं. “मांगचा दिसला का?”

दिसला म्हणालो.

“झालं तं मंग. निघ आता.”